पाळक नसलेल्या रविवारी संदेश कोणी द्यायचा? यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मंडळीचं प्रकरण

हे प्रकरण संबंधितांना विचारून लिहिलं आहे. गावाचं, मंडळीचं (म्हणजे तिथल्या चर्चच्या समुदायाचं) आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. जिच्याभोवती हे सगळं घडलं तिला गावात लहानथोर 'बाई' म्हणतात, म्हणून इथेही बाईच. मला या मंडळीनं शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास घ्यायला बाहेरून बोलावलं होतं. स्त्रियांनी शास्त्र शिकावं आणि शिकवावं असं मला मनापासून वाटतं, त्यामुळे मी तटस्थ नव्हते. आणि या कामात मी चुकलेही. ते लपवलं तर हे लिहिण्याचा उपयोग नाही.

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावापासून एसटीनं पाऊण तासावरचं गाव. कापूस, तूर, सोयाबीन. ख्रिस्ती घरं ३८. चर्च मिशनच्या काळातलं, कौलारू, पुढे एक मोठा कडुनिंब. पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, अशा पाच मंडळ्या आहेत, त्यामुळे महिन्यातून एक, फार तर दोन रविवार ते इथे येतात. उरलेल्या रविवारी उपासना मंडळीच चालवते. गीतं होतात, प्रार्थना होते, शास्त्रपाठ होतो. संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, वेळी मात्र मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ जुन्या छापील संदेशांच्या पुस्तकातला एक संदेश वाचून दाखवत. त्यांना मी काका म्हणते. बावीस वर्षं त्यांनी हे केलं, एकही रविवार न चुकवता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षर जड जायला लागलं, तेव्हा ते अडखळत वाचू लागले. पण थांबले नाहीत.

बाई अंगणवाडी सेविका आहेत. सकाळी मुलांची वजनं, आहार, मोबाईलवरची माहिती भरणं, आणि रविवारी एकोणीस वर्षांपासून संडे स्कूल. मधल्या काळात त्यांनी टपालानं शिकायचा धर्मशास्त्राचा एक अभ्यासक्रम पुरा केला. दोन वर्षांच्या अभ्यासाला चार वर्षं लागली, कारण परीक्षा आणि कापूस वेचणी एकाच वेळी यायची. त्यांची टिपणं मी पाहिली आहेत. जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पाठीवर निळ्या शाईनं लिहिलेली, प्रत्येक वचनाखाली 'हे कोणाला लिहिलं? का लिहिलं?' असे दोन प्रश्न, आणि उत्तर सापडलं नसेल तिथे जागा मोकळी सोडलेली. मोकळी जागा सोडण्याची ही सवय मोठमोठ्या उपदेशकांत मला फारशी दिसलेली नाही.

यवतमाळला एकेकाळी धर्मशिक्षणाचं मोठं केंद्र होतं, हे आता नव्या पिढीला ठाऊक नसतं. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला गेली. मी तेव्हा शाळेत होते. सेमिनरी गेली तशी तिची लायब्ररीही गेली. खेड्यातल्या एखाद्या बाईला एका वचनाचा अर्थ पडताळायचा असेल तर आज जवळपास पुस्तकं नाहीत, आणि जी चांगली आहेत ती बहुतेक इंग्रजीत. बाईंनी जे मिळवलं ते अशा कोरड्या जमिनीत मिळवलं, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

अडचण कशी उभी राहिली

उपवासकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, सुरू व्हायच्या आधी पाळकांनी बाईंना विचारलं, "मी नसेन त्या रविवारी तुम्ही संदेश द्याल का?" बाईंनी आठवडाभर विचार करून हो म्हटलं. पाळकांनी उपासनेच्या शेवटी तशी सूचना दिली आणि पुढच्या गावाला निघून गेले. काकांशी ते आधी बोलले नव्हते. एवढं साधं राहून गेलं. पुढच्या निम्म्या गोष्टी यातून निघाल्या असं मला आज वाटतं.

पहिल्या रविवारी बाई लूक १० वर बोलल्या, मार्था आणि मरीया. दुसऱ्या रविवारी काकांचं घर आणि त्यांच्या भावकीतलं एक घर चर्चमध्ये आलं नाही. तिसऱ्या रविवारच्या आधी पाळक समितीच्या सचिवांकडे पत्र आलं. वहीच्या पानावर, नीटस अक्षरात, तीन मुद्दे, पहिले दोन बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांच्या आधारानं. १ तीमथ्य २:१२ प्रमाणे स्त्रीनं शिकवू नये. १ करिंथ १४:३४ प्रमाणे स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. आणि ही पद्धत चालू राहिली तर आम्ही घरीच उपासना करू.

भावकीतल्या घरचा मुलगा मोबाईलवर एका प्रचारकाचे व्हिडिओ पाहत असे, त्यातले शब्द पत्रात होते हे खरं. पण काकांना तेवढ्यावर निकालात काढणं अन्यायाचं ठरेल. हा माणूस रोज रात्री शास्त्राचा एक अध्याय वाचूनच झोपतो. शास्त्रात जे लिहिलं आहे ते पाळायचं, आवडो न आवडो, ही त्यांची निष्ठा आहे. अशी निष्ठा असलेल्या माणसाला 'काळ बदलला' हे उत्तर पुरत नाही, आणि पुरूही नये.

पहिली तडजोड

समिती घाईघाईनं बसली. सात पुरुष, एकही स्त्री नाही, आणि बाईंना बोलावलेलं नाही. तोडगा निघाला तो असा: बाईंनी बोलावं, पण त्याला संदेश न म्हणता 'साक्ष' म्हणावं. पुलपिटवर, म्हणजे प्रवचनाच्या उंच जागेवर, न जाता खाली, बायकांच्या सतरंजीजवळ उभं राहून बोलावं. माइक पुलपिटवरच राहील.

मला हे फोनवर कळलं तेव्हा मीही 'चला, निदान बोलू तर देतात' असंच म्हटलं. ही माझी पहिली चूक.

तीन रविवार हे चाललं. माइक नसल्यामुळे मागच्या म्हाताऱ्या बायकांना ऐकू येईना, म्हणून त्या सरकत सरकत पुढे येऊन बसू लागल्या. काकांचं घर तरीही आलं नाही, कारण त्यांचा आक्षेप उंचीला नव्हता, शिकवण्याला होता. तडजोड ज्यांच्यासाठी केली त्यांना ती मान्य नव्हती, आणि जिच्यावर लादली तिचा मान मात्र त्यात गेला.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, बाई उभ्या राहिल्या, शास्त्र उघडलं, आणि म्हणाल्या, "आज माझ्यापाशी साक्ष नाही. मी अध्याय वाचला, त्याचा अभ्यास केला. तो सांगायचा की नाही ते मंडळीनं ठरवावं." आणि बसल्या. चर्चमध्ये कोणी हललं नाही. शेवटी कोणीतरी गीत सुरू केलं.

समोरचे मार्ग

त्या आठवड्यात पाळक, सचिव, बाई आणि मी बाईंच्या घरी बसलो. या वेळी बाई हजर होत्या, हे महत्त्वाचं.

पहिला मार्ग, बाईंनी थांबणं. स्वतः बाईंनीच तो मांडला. "माह्यामुळं दोन घरं तुटत असतील तं मी संडे स्कूल घेतेच आहे," त्या म्हणाल्या. पाळक जवळजवळ तयार झाले होते. पण मग पाळक नसलेल्या रविवारी पुन्हा पुस्तकातून वाचणं, तेही ज्यांना दिसत नाही अशा माणसानं. मंडळीची भूक तशीच राहणार होती.

दुसरा, वरून हुकूम आणणं. आमच्या मंडळीच्या घटनेत स्त्रियांना उपदेशाची मनाई नाही, स्त्रियांची पाळक म्हणून दीक्षाही होते. चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये तर २०१३ साली ई. पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या. वरिष्ठांचं एक पत्र आणलं असतं तर कागदावर प्रश्न मिटला असता. सचिवांचा कल इकडे होता. मी विरोध केला. शास्त्राच्या नावानं आलेल्या आक्षेपाला घटनेच्या कलमानं उत्तर दिलं तर काकांच्या मनात एवढंच उरलं असतं, की या लोकांपाशी शास्त्राचं उत्तर नव्हतं.

तिसरा, नाव बदलून चालू ठेवणं. तो करून झाला होता.

चौथा मार्ग पाळकांनी सुचवला. बाईंच्या संदेशाचा प्रश्न बाजूला ठेवायचा, सहा आठवडे कोणीच संदेश द्यायचा नाही, आणि ही वचनं अख्ख्या मंडळीनं मिळून वाचायची. मग ठरवायचं. अडचण वेळेची होती. जून लागला की पेरणी, मग कोणी बसणार नाही. म्हणून पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) लगेच, एप्रिल-मेचे सहा बुधवार ठरले, रात्री आठनंतर, निंबाखाली, कारण दिवसा ४४-४५ अंशांत चर्चच्या आत बसवत नाही.

सहा बुधवार

पहिला बुधवार मी बिघडवला. ही दुसरी चूक. फळा टांगला, १ तीमथ्य २ घेतला आणि ग्रीक शब्दांपासून सुरुवात केली. सांगितलं ते खरंच होतं: 'सत्ता गाजवणं' यासाठी तिथे 'औथेन्तेइन' हे जे क्रियापद आहे, ते नव्या करारात फक्त या एकाच ठिकाणी येतं. पौल अधिकारासाठी एरवी वापरतो तो शब्द वेगळा आहे. त्यामुळे इथे साधा अधिकार म्हणायचा आहे की दांडगाई, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हे सगळं मी चाळीस मिनिटं सांगितलं. पन्नासेक माणसं होती. दुसऱ्या बुधवारी वीसही नव्हती. एक म्हातारी जाताना म्हणाली, "तुमाले लय येते बाई, पण आमाले काय करा लागन?" मी काकांच्या जागी स्वतःला बसवलं होतं. पूर्वी पुस्तकातला अर्थ काका वाचून दाखवत, आता मी सांगत होते. ऐकणारे तसेच.

दुसऱ्या बुधवारपासून पद्धत बदलली, आणि ती बाईंनी बदलली. फळा काढला. एकानं अध्याय मोठ्यानं वाचायचा, सावकाश, दोनदा. मग तीनच प्रश्न: हे कोण कोणाला सांगतो आहे? तिथे काय बिनसलं होतं? यात आपल्याला काय खटकतं? उत्तर येत नसेल तर गप्प बसायचं, मी तोंड उघडायचं नाही. वाचणारी प्रत्येक वेळी नवीन. ज्यांना अक्षर ओळख कमी, त्यांच्या शेजारी शाळकरी मुलगी बसायची आणि हळूच शब्द सुचवायची.

पहिल्यांदा फिबी या स्त्रीचा उल्लेख वाचला, रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय. मराठी शास्त्रात तिला मंडळीची 'सेविका' म्हटलं आहे. बायका हसल्या, कारण आमच्याकडे सेविका म्हणजे अंगणवाडीतली. मग मला विचारलं तेवढंच मी सांगितलं: तिथे जो 'दियाकोनोस' शब्द आहे तोच पौल स्वतःसाठी आणि अपुल्लोस या उपदेशकासाठी वापरतो. एकाच शब्दाची पुरुषाच्या नावापुढे पदवी होते आणि बाईच्या नावापुढे कामवाली, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्याच अध्यायातल्या युनियाबद्दल मी त्या दिवशी काही बोलले नाही, पुढे कोणीतरी विचारलं तेव्हा बोलले: चौथ्या शतकात ख्रिसोस्तोम या प्रसिद्ध उपदेशकानं तिला स्त्री समजूनच, प्रेषितांत गणली गेली म्हणून तिची वाखाणणी केली आहे.

तिसऱ्या बुधवारी १ करिंथ. अकरावा आणि चौदावा अध्याय लागोपाठ वाचले. पत्रातलं १४:३४ आलं तेव्हा काहींनी माना हलवल्या. मग मागे बसलेल्या एका आजीनं, जिला वाचता येत नाही, अकरावा अध्याय पुन्हा वाचायला लावला. स्त्रीनं प्रार्थना करताना किंवा संदेश देताना मस्तक झाकावं, असं तिथे आहे. आजी म्हणाली, "चूपच बसाचं असन तं पदर घेऊन बोला, असं कायले सांगतलं त्यानं? चूप बसणारीच्या डोक्याले कोन पायते?" मी इतकी वर्षं हा मुद्दा पुस्तकांतून शिकवते आहे, इतक्या नेमक्या शब्दांत मला तो कधी मांडता आला नाही. त्यानंतर एका मुलानं दाखवून दिलं की चौदाव्या अध्यायात गप्प राहायला तिघांना सांगितलं आहे: अर्थ सांगणारा नसताना अन्य भाषेत बोलणाऱ्याला, दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर बोलत असलेल्या संदेष्ट्याला, आणि मग स्त्रियांना. पहिल्या दोघांना कोणी कायमचं गप्प केलं नाही.

चौथा बुधवार हा या प्रकरणाचा गाभा. पुन्हा १ तीमथ्य २. काकू, म्हणजे काकांची बायको, आदल्या आठवड्यापासून येऊ लागली होती, फाटकाजवळ बसायची. त्या रात्री तिला न्यायला आलेले काका निंबाच्या पलीकडे, सायकलला टेकून उभे होते. वाचन पंधराव्या वचनापर्यंत गेलं. स्त्री मुलांना जन्म देण्याच्या योगे तारली जाईल, असं ते वचन आहे. वाचणारी थांबली. आणि एक बाई, लग्नाला पंधरा वर्षं झालेली, मूल नसलेली, हळू आवाजात म्हणाली, "मले तं लेकरूच नाही. मंग माह्यं तारण कसं होईन?"

कोणी बोलेना. मी ठरवल्याप्रमाणे गप्प होते, आणि ते मला फार जड गेलं. उत्तर अंधारातून आलं. काकाच बोलले. "असं कुठं रायते काय पोरी? तारण येशूवरच्या विश्वासानं. लेकराबाळानं नाही. सगळं शास्त्र तेच सांगते."

ते अगदी खरं बोलले होते, आणि मायेनं बोलले होते. एक वचन सगळ्या शास्त्राच्या उजेडात वाचायचं असतं, हे त्यांनी न शिकता करून दाखवलं. मग काकू, नवऱ्याकडे न पाहता, मांडीवरच्या शास्त्राकडे पाहत म्हणाली, "पंधराव्याले एक माप आन् बाराव्याले दुसरं, असं चालन का?"

काका काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळानं सायकल घेऊन गेले. काकू शेवटपर्यंत थांबली आणि शेजारणीबरोबर घरी गेली.

पाचव्या बुधवारी आम्ही त्याच पत्रातले बाकीचे अध्याय वाचले, म्हणजे तीमथ्य होता त्या इफिस शहरातल्या मंडळीत काय बिनसलं होतं ते कळावं: खोटं शिक्षण पसरवणारे लोक, लग्न करू नका म्हणणारे लोक. आणि अकराव्या वचनात आज्ञा आहे ती 'स्त्रीनं शिकावं' ही, हे बाईंनी दाखवलं. ज्याला हे पत्र लिहिलं त्या तीमथ्याचा स्वतःचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला, हे दुसऱ्या पत्रात वाचलं तेव्हा म्हाताऱ्या बायका ताठ बसल्या. प्रिस्किल्लानं नवऱ्याबरोबर अपुल्लोसाला, शास्त्रात प्रवीण असलेल्या पुरुषाला, देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, हे प्रेषितांच्या कृत्यांतून वाचलं. त्या दिवशी काकाही सतरंजीवर बसले होते. त्यांनी एक आठवण सांगितली: त्यांच्या आजीला पहिल्यांदा शास्त्र सांगितलं ते मिशनच्या बायबलबाईनं, म्हणजे बायकांना शास्त्र सांगायला मिशननं नेमलेल्या बाईनं. "पण ती बायकाइले सांगे, माणसाइले नाही," हेही त्यांनी लगेच जोडलं. ते बरोबर होतं. बायबलबायांना पगार मिशन देई आणि वर्तुळ बायकांपुरतं आखून दिलेलं असे. मी तेव्हा पंडिता रमाबाईंचं सांगितलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं शास्त्र मराठीत आणलं, केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच त्याचे छपाईचे खिळे जुळवले, बायकांनीच छापलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, पुस्तक १९२४ साली बाहेर पडलं. कवी ना. वा. टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन, येशूच्या जीवनावरचं काव्य, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, तेही सांगितलं. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी असलेल्या शब्दांत स्त्रियांचा हात आधीपासून आहे. पुलपिटचा प्रश्न मग उरतो तो उभं राहण्याच्या जागेचा.

एक गोष्ट इथे नोंदवते. १ तीमथ्य २:१२ आजही जसंच्या तसं लागू आहे असं मानणारे प्रामाणिक, अभ्यासू लोक आहेत, आणि मी तसं अभ्यासात सांगितलंही. काकांना ते ऐकून बरं वाटलं असावं, कारण त्यानंतरच ते मोकळेपणानं बोलू लागले.

सभा आणि निर्णय

सहाव्या बुधवारी नुसती प्रार्थना झाली. जूनच्या पहिल्या रविवारी सर्वसाधारण सभा. तिथे एक निराळीच गोष्ट उघडी पडली. घटनेप्रमाणे प्रभुभोजन घेणाऱ्या प्रत्येक प्रौढ सभासदाला मत आहे. पण या मंडळीत कित्येक वर्षं एका घरामागे एक हात वर होत असे, आणि तो घरच्या पुरुषाचा. कोणी हे मुद्दाम केलं नव्हतं. सभा शेतातून आल्यावर संध्याकाळी व्हायच्या, बायका चुलीशी असायच्या. या वेळी सभा उपासनेनंतर लगेच घेतली, आणि चिठ्ठीवर मत.

मत घ्यावं की एकमत होईपर्यंत थांबावं, यावर पाळकांचं आणि माझं जुळलं नाही. मला थांबावंसं वाटत होतं. पाळक म्हणाले, हात वर करायची सवय नसलेल्या बाईला चिठ्ठीच बोलकी करेल. शेवटी त्यांचं ऐकलं. ६१ बाजूनं, १४ विरोधात, ५ चिठ्ठ्या कोऱ्या.

ठराव असा झाला. पाळक नसतील त्या रविवारी बाई आणि एक तरुण आलटून पालटून संदेश देतील, पुलपिटवरून, माइकवर. संदेश देणाऱ्यानं आपलं टिपण चार दिवस आधी पाळकांना दाखवायचं. ही अट बाईंनीच घातली, आणि ती दोघांना सारखी असावी हे त्यांचंच म्हणणं. शास्त्रपाठ काका वाचतील, त्यासाठी मोठ्या अक्षरांचं शास्त्र मंडळी घेईल. पुढच्या निवडणुकीत समितीवर किमान दोन स्त्रिया.

पुढे काय झालं

काका परत आले. सभेच्या दुसऱ्या दिवशी ते मला एसटी थांब्यावर भेटले. "मले अजून पटलं नाही," ते म्हणाले. "पण बोट ठेवून मना करता येत नाही, एवढं समजलं." ते आता दर रविवारी शास्त्रपाठ वाचतात आणि बाईंचा संदेश संपेपर्यंत बसतात. भावकीतलं घर मात्र परत आलं नाही. ते तालुक्याच्या गावी दुसऱ्या ख्रिस्ती संगतीत, म्हणजे वेगळ्या प्रार्थनागटात, जातात. त्या घरातली सून माहेरपणाच्या नावानं एकदा कापणीच्या सणाला आली होती, मागे उभी राहून गेली.

बाईंना शेजारच्या दोन मंडळ्यांनी बोलावलं. इथे एक जुनी गोष्ट नव्यानं दिसली. पाहुण्या पुरुष उपदेशकाला जाण्यायेण्याचा खर्च आणि वर काही पाकिटात देण्याची रीत आहे. बाई पाच वेळा स्वतःच्या पैशानं एसटीनं गेल्या, आणि त्यांना पाच वेळा नारळ मिळाला. समितीवर आलेल्या एका स्त्रीनं हे बैठकीत काढलं, तेव्हा सगळे चपापले. आता भाडं मिळतं. पुस्तकांसाठी वर्षाला काही रक्कम ठेवावी हा तिचा दुसरा प्रस्ताव अजून लांबणीवर आहे.

वेगळं काय करता आलं असतं

काकांशी आधी बोलायला हवं होतं. बावीस वर्षं केलेली सेवा उपासनेतल्या एका सूचनेनं संपवली गेली. त्यांच्या पत्रातला शास्त्राचा आक्षेप खरा होता, पण त्याच्याखाली हे दुखणंही होतं, आणि मोठ्या अक्षरांच्या शास्त्राचा विचार जानेवारीतच झाला असता तर कदाचित पत्रच आलं नसतं. कदाचित आलंही असतं.

'साक्ष'वाली तडजोड मी तरी थांबवायला हवी होती. जिच्याबद्दल निर्णय आहे तिला बैठकीत बोलवा, एवढं सांगायला फोन पुरला असता.

भावकीतल्या घराकडे आमच्यापैकी कोणी गेलं नाही. सहा आठवडे आम्ही सगळे निंबाखाली गुंतलो होतो आणि ते घर दोनशे पावलांवर होतं. विरोध करणाऱ्या पुरुषांशी बोलायचं की नाही यावर आम्ही चर्चा केली, त्या घरातल्या बायकांना काय वाटतं हे विचारायचं कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. मतदानाचा आकडा फळ्यावर लिहिला गेला तेव्हा ते चौदा कोण हे गावात सगळ्यांना कळलं. आकडा न सांगता नुसता निर्णय सांगता आला असता.

मूल नसलेल्या त्या बाईचा प्रश्न आम्ही बाराव्या वचनाची किल्ली म्हणून वापरला, आणि नंतर तिच्याशी स्वतंत्र बसून कोणी बोललं नाही. बाईंच्या हे दोन महिन्यांनी लक्षात आलं. त्या एका दुपारी, अंगणवाडी सुटल्यावर, तिच्या घरी गेल्या. तिनं तेव्हा पंधरावं वचन पुन्हा काढलं आणि विचारलं, "त्यानं असं लिवलं तं लिवलं कावून?" बाईंनी आपल्या हजेरीपटाच्या पाठीवर तो प्रश्न तिच्यासमोरच उतरवून घेतला आणि खाली जागा मोकळी सोडली. या उपवासकाळात त्या दोघी मिळून ते पत्र पहिल्यापासून वाचणार आहेत.